मन मोकळं होतं तेव्हा : शब्द आणि अर्थ

गहिवर, उमाळा : आत दाटून येणं. रडू अजून फुटलेलं नसतं.

हंबरडा : मूळ गाईचं हंबरणं, माणसाच्या बाबतीत मोठ्यानं, न आवरता रडणं. हुंदका मात्र दाबलेला.

हाजरी : दर्ग्यावर अंगात येणं. बुलडाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर हा शब्द सर्रास ऐकू येतो. बाई केस मोकळे सोडून घुमते, किंचाळते, मग थकून बसते. होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते. भाविक सर्व धर्मांचे.

विरेचन : आयुर्वेदातलं पंचकर्मांपैकी एक, रेचक देऊन पित्त बाहेर काढणं. अॅरिस्टॉटलच्या ‘कॅथार्सिस’साठी मराठी समीक्षेत हाच शब्द रूढ. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५च्या ग्रंथात ही कल्पना मानसोपचारात मांडली.

महत्त्वाचा फरक : मोकळं होणं आणि आजार बरा होणं या दोन वेगळ्या गोष्टी. दर्ग्यावर असो की घरी, मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला साखळीनं बांधण्यास मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मनाई आहे.

टेली-मानस : मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. मोफत, २४ तास, मराठीतही.