बुरशीवर काय मारायचं? आधी हवा मोजा

आज मागे पावसाचा आवाज येईल. काढायचा प्रयत्न केला, पण डोंबिवलीत जुलै चालू आहे, काढून काढून किती काढणार?

विषय आहे भिंतीवरची बुरशी, आणि सुरुवात माझ्याच मूर्खपणापासून करते. दोन वर्षांपूर्वी बाथरूमच्या कोपऱ्यात काळे ठिपके आले. मी ब्लीच ओतलं. तेवढ्याने जाईना, म्हणून त्याच्यावर टॉयलेट क्लीनर ओतला. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं, क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बारावीला हे मी पाठ केलं होतं हो! आई दारातच उभी होती आणि तिला दमा आहे. पुढचा तासभर आम्ही दोघी जिन्यात बसून होतो, तिचा पंप माझ्या हातात. त्या दिवसापासून आमच्याकडे ब्लीच येत नाही. तुमच्याकडे येत असेल तर ते कशातच मिसळू नका, व्हिनेगरमध्येसुद्धा नाही. तिथेही क्लोरीनच सुटतो.

मग मी 'इको-फ्रेंडली' रील्स बघायला लागले. सगळीकडे एकच उपाय: व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करा. फेस भारी येतो, पण अ‍ॅसिड आणि अल्कली एकमेकांना संपवतात. मागे उरतं ते जवळपास नुसतं खारट पाणी. त्यामुळे वेगवेगळं वापरा. टाइल्सवर व्हिनेगर मारून तासभर ठेवा, मग घासून धुऊन टाका. सोडा सिंक आणि ओटा घासायला. ओटा कडप्प्याचा किंवा संगमरवराचा असेल तर व्हिनेगर लांब ठेवा, हे दगड अ‍ॅसिडने झिजतात. रंगवलेल्या भिंतीला साबणाचं पाणी आणि ओलं फडकं पुरतं. कोरड्या ब्रशने खरवडलंत तर बुरशीचे बीजाणू खोलीभर उडतील. दम्याचं माणूस घरात असेल तर तोंडाला मास्क लावा आणि त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा.

एवढं केलं तरी पंधरा दिवसांत ठिपके परत. ऑफिसात याला आम्ही म्हणतो, तिकीट क्लोज केलं पण बग तिथेच आहे. बग म्हणजे ओल. खोलीत 28 डिग्री आणि आर्द्रता 85 टक्के असेल, तर साधारण 25 डिग्रीच्या पृष्ठभागावर दव जमायला लागतं. आमच्या कपाटामागच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा एसी रात्रभर चालतो. भिंत गार, मागे वारा नाही, बुरशीला अजून काय पाहिजे!

म्हणून मी एक स्वस्तातला हायग्रोमीटर घेतला. स्वस्त मीटर खोटं बोलतात, पण ते घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ओलसर करा, चिखल झाला पाहिजे, पाणी नको. झाकण आणि मीटर झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी 75 दिसायला हवं. माझा 80 दाखवत होता, म्हणजे या पट्ट्यात मी पाच वजा करते. मीठ 75 च्या वर गेलं की हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते याचमुळे. आणि म्हणूनच कपाटात मिठाची वाटी ठेवून फार काही होत नाही, ती 75 च्या खाली नेऊच शकत नाही. बुरशी रोखायला 60 च्या आत हवं. बंद कपाटात कॅल्शियम क्लोराइडचे डबे चालतात, फक्त साचलेलं पाणी वेळेवर ओता.

खोलीसाठी मात्र सवयीच बदलाव्या लागल्या. घरात वाळत घातलेले कपडे लिटर-दोन लिटर पाणी हवेत सोडतात. आता ते एकाच खोलीत, दार लावून, पंखा आणि एसी ड्राय मोडवर. आंघोळीनंतर अर्धा तास एक्झॉस्ट. पाऊस कोसळत असताना 'हवा खेळू दे' म्हणून खिडक्या उघडायच्या नाहीत, बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असते. उघडीप मिळाली की सगळ्या उघडायच्या.

कपाट चार बोटं पुढे ओढलंय. काल रात्री त्याच्या मागे 68 होतं, गेल्या जुलैत 82. साठ अजून लांब आहे. आई म्हणतेय, अजून दोन बोटं ओढ. रेकॉर्डिंग संपलं की तेच करणार आहे.