रोटाव्हेटरच्या शाफ्टचा झिजलेला क्रॉस
ट्रॅक्टरची शक्ती रोटाव्हेटरला पोचविणाऱ्या पी.टी.ओ. शाफ्टच्या सांध्यात क्रॉस असतो. त्याच्या चारही टोकांवरील टोप्यांत सुईसारखी बेअरिंगे असतात. टोपीभोवती तांबूस भुकटी दिसल्यास ग्रीस संपून सुया झिजू लागल्या असे समजावे. इंजिन बंद करून किल्ली काढावी व शाफ्ट हाताने उलटसुलट हलवावा. सांधा खडखडल्यास क्रॉस बदलावा. नुसते ग्रीस भरून झीज भरून निघत नाही. शाफ्ट सोडवून सर्क्लिपा काढाव्यात व टोप्या ठोकून बाहेर घ्याव्यात. नवी टोपी बसविताना एखादी सुई आडवी पडल्यास सर्क्लिप खाचेत बसत नाही. तेथे हातोडा चालविल्यास नवा क्रॉसही वाया जातो. संरक्षक नळी चढविल्याशिवाय यंत्र चालवू नये. मिनिटास ५४० फेरे घेणारा शाफ्ट धोतराचा सोगा क्षणात ओढून घेतो, आणि सोग्याबरोबर माणसालाही.