लाखेचं सील आणि मालाची पावती : अन्न तपासणीचा जुना धडा

हॉटेलवाला आणि किराणा दुकानदार यांचं काय ते अन्न निरीक्षक बघून घेतील, आपला काय संबंध, असं बऱ्याच शेतकरी बांधवांना वाटतं. पण आज शेतकऱ्याचीच पोरं रसवंती टाकतात, रस्त्याकडेला ढाबा उघडतात, घरची हळद दळून पुड्या विकतात. म्हणून ही तपासणी पूर्वी कशी चालायची आणि तीत कोण अडकायचं, हे समजून घेतलेलं बरं.

भांडी आणि पाटी

अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ साली झाला. १ जून १९५५ पासून तो लागू झाला आणि ऑगस्ट २०११ पर्यंत चालला. त्याच्या नियमांत हॉटेलातल्या भांड्यांचाही विचार होता. कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं, गंजलेला डबा, टवके उडून गंजलेलं इनॅमलचं पातेलं, यांत केलेलं अन्न खाण्यास अयोग्य धरलं जाई. कल्हईवाल्याला दिलेले पैसे वाया जात नसत ते असे! कोणता पदार्थ तुपातला, कोणता तेलातला, कोणता वनस्पतीतला, याची पाटी लावणंही हॉटेलमालकाला बंधनकारक होतं.

तुपात वनस्पती मिसळली तर ओळखायची कशी? त्यासाठी कारखानदाराला वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचं तेल घालण्याची सक्ती होती. प्रयोगशाळेत अशा तुपावर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल यांची क्रिया केली की गुलाबी रंग यायचा आणि चोरी उघडी पडायची.

नमुना कसा घेत

निरीक्षकाने नमुना फुकट न्यायचा नसे, किंमत मोजून घ्यायचा. दुकानदाराला लेखी नोटीस द्यायची, पंचाची सही घ्यायची. मग मालाचे तीन भाग करून ते बाटल्यांत भरायचे आणि दोरा बांधून लाखेचं सील ठोकायचं. दूध नासू नये म्हणून त्यात फॉर्मॅलिनचे थेंब टाकत. एक भाग सरकारी विश्लेषकाकडे जाई आणि दोन स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याकडे राहत. अहवाल विरुद्ध गेला, तर दुकानदाराला १० दिवसांत कोर्टाकडे अर्ज करता येई. मग राखून ठेवलेला भाग केंद्रीय अन्न प्रयोगशाळेत जायचा आणि तिचा अहवाल अखेरचा मानला जाई. सील, सही, मुदत यांत कुठे चूक झाली, की खटला ढिला पडे. अशा चुकीवर खरा भेसळखोरही सुटून जाई.

अडकायचं कोण?

१९७६ च्या दुरुस्तीनंतर भेसळीला साधारणपणे किमान ६ महिने कैद आणि १,००० रुपये दंड होता. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका नव्हती. मात्र ज्याच्याकडे कारखानदाराचं किंवा ठोक व्यापाऱ्याचं बिल होतं आणि ज्याने माल घेतला तसाच विकला, त्याला बचाव होता. तोंडी व्यवहार करणारा छोटा दुकानदार तिथेच सापडायचा.

दूधवाल्याचं तर आणखी अवघड. महाराष्ट्रात म्हशीच्या दुधाला ६ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ, गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ टक्के, असं प्रमाण होतं. उन्हाळ्यात सुक्या वैरणीवर एसएनएफ घसरतो, हे दूध घालणाऱ्याला सांगायला नको. उत्तर प्रदेशात १९९५ साली घेतलेल्या एका दुधाच्या नमुन्यात एसएनएफ ८.५ ऐवजी ७.७ टक्के निघाला. त्याचा शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून २०१९ साली लागला आणि शिक्षा कायम राहिली. प्रमाण ठरलेलं आहे आणि दूध त्यात बसत नाही, म्हणजे भेसळ. फरक थोडा की फार, हा प्रश्न नाही. एका नमुन्यापायी माणसाची २४ वर्षं गेली.

शेतकरी कुठे संपतो?

आता २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आहे. तो ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. त्यात शेतकरी आणि शेतावरचं पीक कायद्याबाहेर ठेवलं आहे. दर्जा कमी पण अपायकारक नाही, अशा मालाला कैदेऐवजी दंड ठेवला. पण एक खूणगाठ बांधा. फडातला ऊस शेतकऱ्याचा; चरकातून ग्लासात उतरला की तो दुकानदाराचा. तिथून पुढे नोंदणी, स्वच्छ पाणी, चांगला बर्फ ही आपली जबाबदारी.

विकत आणलेल्या तेलाची, बेसनाची, मसाल्याची पक्की पावती जपून ठेवा. नमुना घेतला तर कागद वाचूनच सही करा. आता नमुन्याचे चार भाग होतात. चौथा भाग आपल्या खर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, अशी मागणी तुम्हाला करता येते. गिऱ्हाइकालाही विकत घेतलेला पदार्थ फी भरून तपासून घेता येतो.

ग्रामसेवक, सरपंच मंडळींनाही एक विनंती. पंच म्हणून बोलावलं तर सील होईपर्यंत तिथे थांबा, नुसती सही ठोकून निघू नका. नमुना नीट घेतला गेला, तर प्रामाणिक माणूस वाचेल आणि लबाडाला पळवाट मिळणार नाही.