हृदयक्रिया तर सगळ्यांचीच बंद पडते

निधनवार्तेतले 'हृदयक्रिया बंद पडून' हे शब्द इतके सवयीचे झाले आहेत की त्यांनी काहीच सांगितलेले नाही, हे आपल्या ध्यानातही येत नाही. कर्करोगाने गेलेल्याची, साप चावून गेलेल्याची आणि नव्वदाव्या वर्षी झोपेत गेलेल्याचीही हृदयक्रिया शेवटी बंदच पडते. ते मृत्यूचे वर्णन झाले, कारण नव्हे. हाच घोळ देशोदेशींच्या आकडेवारीतही शिरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी जगभरात १ कोटी ७९ लाख माणसे दगावली. त्यांतले ८५ टक्के मृत्यू हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात या दोहोंमुळे झाले. याच आकड्यांची देशवार यादी हाती आली की ती शाळेच्या निकालासारखी वाचली जाते: अमुक देश पहिला, तमुक नापास. मग त्याचे श्रेय कोणाच्या माशांना, कोणाच्या तेलाला आणि दोष कोणाच्या 'रक्ताला'. यादीला तीन प्रश्न विचारल्याशिवाय तिच्यावरून निष्कर्ष काढू नये: ही माणसे किती वयाची होती, कारण कोणी आणि कसे लिहिले, आणि नेमका आजार कोणता?

गैरसमज: दर लाखामागे मृत्यू जास्त, म्हणजे तिथल्या लोकांची हृदये कमकुवत.

वस्तुस्थिती अशी की कच्चा मृत्युदर बऱ्याच अंशी लोकसंख्येचे वय सांगतो. जपानमध्ये पासष्टी गाठलेले लोक साधारण २९ टक्के आहेत, भारतात जेमतेम ७ टक्के. यावर बेतलेला एक काल्पनिक हिशोब मांडू. 'अ' देशात ज्येष्ठ ३० टक्के. हृदयविकाराचे मृत्यू ज्येष्ठांमध्ये लाखामागे १,०००, इतरांमध्ये २०. 'ब' देशात ज्येष्ठ फक्त ७ टक्के. पण मृत्यू ज्येष्ठांमध्ये २,००० आणि इतरांमध्ये ६०. म्हणजे 'ब'मध्ये ज्येष्ठांना धोका दुप्पट, तरुणांना तिप्पट. तरीही एकूण दर 'अ'चा ३१४ आणि 'ब'चा १९६ येतो, आणि यादीत 'ब'च निरोगी दिसतो! दोन्ही देशांत ज्येष्ठ १० टक्केच आहेत असे धरून हिशोब पुन्हा केला, तर 'अ' ११८ वर उतरतो आणि 'ब' २५४ वर चढतो. यालाच वयप्रमाणित दर म्हणतात. हा तर कागदावरचा आकडा, प्रत्यक्षात माणसे कच्च्या दरानेच मरतात, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो निराधार नाही. रुग्णालयात किती खाटा लागतील हे ठरवायचे तर कच्चा दरच कामाचा. पण कोणत्या देशात माणसाच्या जिवाला जास्त धोका आहे, असा प्रश्न असेल तर वय समान धरल्यावाचून उत्तर मिळत नाही.

गैरसमज: दाखल्यावर डॉक्टरांची सही असते, तेव्हा कारण चुकेल कसे?

याचे उत्तर जपाननेच दिले आहे. तिथे १९८५ पासून हृदयविकार हे मृत्यूचे दुसऱ्या क्रमांकाचे कारण होते. १९९५ मध्ये ते एकदम तिसऱ्या क्रमांकावर घसरले आणि पक्षाघात दुसरा झाला. देशाच्या आहारात किंवा औषधात त्या वर्षी काही क्रांती झाली नव्हती. मृत्यूच्या दाखल्याचा नमुना बदलला होता. आजाराची अखेरची अवस्था म्हणून 'हृदय निकामी' असे लिहू नये, अशी सूचना नव्या नमुन्यावर आली आणि आकडा कोसळला. त्याआधीही जपानी दाखल्यांत मेंदूतल्या रक्तस्रावाच्या नोंदी गुठळीने होणाऱ्या पक्षाघाताच्या कितीतरी पट असत. परदेशी तज्ज्ञांना शंका आली. १९६१ मध्ये हिसायामा या गावात दीर्घकालीन पाहणी सुरू झाली आणि तिथे मरण पावणाऱ्या बहुतेकांचे शवविच्छेदन झाले. तेव्हा दोन्ही प्रकार जवळपास सारखेच निघाले. आपल्याकडे अडचण आणखी मुळाशी आहे. भारतात २०२० मध्ये नोंदणी झालेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते. बाकीच्यांसाठी घरच्यांना लक्षणे विचारून कारण ठरवणारी सर्वेक्षणे आणि सांख्यिकी अंदाज यांवर भिस्त ठेवावी लागते.

मग तुलना करूच नये काय? तसे नाही. नोंदीच्या सवयींमुळे दोन शेजारी क्रमांकांची अदलाबदल होऊ शकते. पण देशादेशांतला फरक कित्येक पटींचा असतो आणि दाखल्यांवर न विसंबता संशोधकांनी स्वतः रुग्ण मोजले तरी तो टिकतो, तेव्हा तो लेखणीचा खेळ म्हणून झटकता येत नाही. त्यामुळे तेविसावा देश चोविसाव्यापेक्षा बरा, असे म्हणण्यात राम नाही. वरच्या आणि तळाच्या देशांत असलेली दरी मात्र खरी आहे.

गैरसमज: हृदयविकार आणि पक्षाघात ही जुळी भावंडे, एक वाढले की दुसरे वाढणारच.

अमेरिकेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये १९२ देशांचे आकडे ताडून पाहिले. त्यांपैकी ७४ देशांत पक्षाघाताचे मृत्यू हृदयविकारापेक्षा जास्त होते. चीन आणि आफ्रिकेतले अनेक देश त्यांत येतात. उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि मध्यपूर्वेत पारडे उलट. आपल्या देशातही पश्चिम बंगाल, ओडिशा, आसाम पक्षाघाताच्या बाजूला झुकतात, तर पंजाब, केरळ, तमिळनाडू हृदयविकाराच्या. मुळे सामायिक असली तरी प्रमाण वेगळे. मेंदूच्या आत खोलवर जाणाऱ्या बारीक धमन्यांवर रक्तदाबाचा थेट मारा बसतो. त्या फुटतात किंवा बुजतात. हृदयाच्या धमन्यांत मात्र कोलेस्टेरॉलचे थर साचण्याला अधिक महत्त्व. जपानच्या अकिता प्रांतात १९५०च्या दशकात लोणची, मिसो, खारवलेले मासे मिळून माणशी रोजचे मीठ २५ ग्रॅमच्या पुढे जाई (आज जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते), आणि चरबी बेताची. म्हणून तिथे पक्षाघात भरपूर, हृदयविकार कमी. जपानी वंशाचेच पुरुष जपान, होनोलुलू आणि सॅन फ्रान्सिस्को या तीन ठिकाणी तपासले गेले, तेव्हा पूर्वेकडे जावे तसा हृदयविकार वाढत गेलेला दिसला आणि पक्षाघात सर्वांत जास्त मायदेशातच आढळला. वंश तोच, ताट बदलले, आजारही बदलला.

गैरसमज: हा सुबत्तेचा आजार आहे, आणि आपल्याला तो रक्तातूनच आलेला आहे.

श्रीमंतीचे म्हणणे सतरा देशांतल्या दीड लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीने २०१४ मध्ये खोडून काढले. जोखमीचे घटक श्रीमंत देशांत सर्वाधिक होते, गरीब देशांत सर्वांत कमी. मृत्यू मात्र बरोबर उलट. रक्तदाबाची गोळी रोज मिळणे आणि पहिल्या झटक्यानंतर उपचार चालू राहणे यांत ही तफावत दडली आहे. रक्ताचा मुद्दा थोडा नाजूक आहे, कारण दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा लवकर येतो हे खरेच आहे: बावन्न देशांच्या अभ्यासात आपले मध्यक वय ५३ आणि इतरांचे जवळपास ५९ निघाले. पण त्याच अभ्यासाचा पुढचा निष्कर्ष क्वचितच सांगितला जातो. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, रक्तातली चरबी असे घटक आपल्याकडे कमी वयातच वाढलेले असतात आणि वयातला बराचसा फरक त्यांनीच उलगडतो. आनुवंशिकतेचा वाटा शून्य नाही. पण फिनलंडच्या उत्तर कारेलियात १९७२ मध्ये लोणी, मीठ आणि धूम्रपान यांविरुद्ध मोहीम सुरू झाली आणि सुमारे ३५ वर्षांत कामकरी वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. जपाननेही मीठ कमी करून आणि गावोगाव रक्तदाब मोजून १९६०च्या दशकानंतर पक्षाघाताचा वयप्रमाणित दर तितकाच खाली आणला. दोन पिढ्यांत जनुके एवढी बदलत नाहीत.

म्हणून दुसऱ्या देशाशी शर्यत लावण्यापेक्षा त्याच देशाचा कालचा आकडा आजच्या शेजारी ठेवणे अधिक शहाणपणाचे. त्यासाठी कालची नोंद धड हवी. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी आपल्याकडे भरला जाणारा 'नमुना ४' स्पष्ट बजावतो की मृत्यूची तऱ्हा नको, आजार लिहा. आणि त्याखाली 'कशामुळे' असे विचारणाऱ्या ओळी आहेत. निधनवार्तेत 'हृदयक्रिया बंद पडून' छापल्याने कोणाचे बिघडत नाही. त्या ओळींत मात्र तेच लिहिले, तर वीस वर्षे न मोजलेला रक्तदाब माणसाबरोबरच जातो, आणि तालुक्यात गोळ्या किती लागतील हे ठरवणाऱ्याच्या हाती काही उरत नाही.