एका मताचा धाक

डॉ. मनमोहन सिंग २६ डिसेंबर २०२४ रोजी गेले. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांच्यावर जे लिहिले-बोलले गेले, त्यात एक वाक्य शब्द बदलून सारखे भेटत राहिले: माणूस सज्जन, विद्वान, पण पंतप्रधान म्हणून दुबळा. त्याला जोडूनच दुसरे वाक्य येई, की आघाड्यांच्या लाचार राजकारणातून देश एकदाचा सुटला. मनमोहन सिंगांवरच्या टीकेबद्दल माझे काही म्हणणे नाही. ते टीकेला पुरून उरतील. मला झोंबले ते दुसरे वाक्य. कारण १९८९ ते १९९९ हे दशक मी एका मराठी दैनिकाच्या रात्रपाळीत, टेलिप्रिंटरच्या शेजारी काढले आहे. पंतप्रधानाला लोकसभेचा धाक असतो म्हणजे काय, ते मी त्याच काळात पाहिले. पुढे ते फारसे दिसले नाही.

राज्यघटना पंतप्रधानाबद्दल फार बोलत नाही. राष्ट्रपती त्याची नेमणूक करतील, त्याच्या नेतृत्वाखालचे मंत्रिमंडळ राष्ट्रपतींना सल्ला देईल, आणि कलम ७५ प्रमाणे ते मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार राहील. सहकाऱ्यांना किती विचारायचे, सभागृहात किती बसायचे, हे त्या व्यक्तीवर आणि तिच्या पाठीशी असलेल्या संख्येवर सोडलेले आहे. संख्या भरपूर असली की काय होते, याचा धडा मराठी माणसाला पहिल्याच पंतप्रधानांनी दिला. १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय नेहरूंनी जाहीर केला आणि अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी राजीनामा दिला. मुंबई महाराष्ट्राची, हे तर ते म्हणत होतेच. पण मंत्रिमंडळात चर्चा न होता असा निर्णय जाहीर होतो, ही त्यांची तक्रार त्याहून खोलवर जाणारी होती. संयुक्त महाराष्ट्राच्या भाषणांत त्या राजीनाम्यातला बाणेदारपणा राहिला. मंत्रिमंडळाला विचारण्याचा मुद्दा मात्र आपणही विसरलो.

पुढची वर्षे मी भराभर ओलांडतो. शास्त्रीजींना काळाने वेळ दिला नाही. इंदिराबाईंच्या काळात २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींची आणीबाणीवर सही झाली आणि मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. त्या कारभाराबद्दल एवढे सांगितले तरी पुरे. जनता पक्षाच्या भांडणांवर इतकी शाई खर्च झाली आहे की मी त्यात भर घालत नाही. राजीव गांधींकडे चारशेवर खासदार होते. त्यांनी १९८५ मध्ये पक्षांतरबंदी कायदा आणला. हेतू चांगला होता, पण त्या दिवसापासून खासदाराचे मत त्याच्या पक्षाच्या व्हिपला बांधले गेले.

मग १९८९ उजाडले. काँग्रेस १९७ वर घसरली, जनता दल १४३ वर थांबले, आणि एका बाजूला भाजप, दुसऱ्या बाजूला डावे असा टेकू घेऊन विश्वनाथ प्रताप सिंग उभे राहिले. त्यांची निवडच लपवाछपवीने झाली. संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये आधी देवीलाल यांचे नाव पुढे आले. ते उठले आणि त्यांनी मान विश्वनाथ प्रतापांना दिला. चंद्रशेखर संतापून बाहेर पडले. त्यांच्या रागाचे कारण मला आजही रास्त वाटते. पण याच सरकारात राजापूरचे मधू दंडवते अर्थमंत्री होते, आणि त्यांच्यावर पैशाचा डाग कधी कुणाला दाखवता आला नाही, हेही सांगितले पाहिजे.

मंडल आयोगाच्या अंमलबजावणीची घोषणा ७ ऑगस्ट १९९० ला झाली. ऑक्टोबरात अडवाणींची रथयात्रा अडवली गेली आणि भाजपने पाठिंबा काढला. सरकार जाणार हे शेंबड्या पोरालाही कळत होते. तरी विश्वनाथ प्रताप घरी बसून राजीनामा देऊन मोकळे झाले नाहीत. ७ नोव्हेंबरला ते सभागृहात आले, विश्वासदर्शक ठराव मांडला, दिवसभर ऐकून घेतले, उत्तर दिले आणि १४२ विरुद्ध ३४६ असे हरले. टेलिप्रिंटरची घंटा वाजली तेव्हा आमची डाक आवृत्ती केव्हाच निघून गेली होती. शहर आवृत्तीचे पहिले पान पुन्हा लावावे लागले. पेस्टिंगच्या टेबलाशी उभ्या असलेल्यांत मंडलचे समर्थक होते, कट्टर विरोधकही होते. पण पंतप्रधानाने सभागृहात येऊन उत्तर दिले आणि सभागृहाने त्याला घालवले, यात कुणालाच काही विपरीत वाटले नाही. असेच व्हायचे असते, ही समज तेव्हा सर्वांची होती.

चंद्रशेखरांचे सरकार हे काँग्रेसचे पाप. मूठभर खासदारांच्या नेत्याला पंतप्रधान करायचे आणि हरियाणाच्या दोन पोलीस शिपायांनी राजीव गांधींच्या घरावर पाळत ठेवली, असे निमित्त करून त्याला चार महिन्यांत पाडायचे. देशाची परकीय गंगाजळी आटत होती, सोने बाहेर न्यायची वेळ आली होती आणि पूर्ण अर्थसंकल्पही मांडता आला नाही. हाच खेळ काँग्रेसने १९७९ मध्ये चरणसिंगांशी केला होता आणि १९९७ मध्ये देवेगौडा व गुजराल यांच्याशी केला. अस्थिरतेच्या नावाने आज जी बोटे मोडली जातात, त्यांतली निम्मी तरी या सवयीकडे वळली पाहिजेत.

आता नरसिंह राव. त्यांच्याबद्दल शांतपणे लिहिणे मला जड जाते. ते पूर्वी रामटेकचे खासदार होते, पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकलेले, अस्खलित मराठी बोलणारे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांनी तेलुगूत नेली. २१ जून १९९१ ला त्यांनी शपथ घेतली तेव्हा ते खासदारही नव्हते आणि पक्षाला स्पष्ट बहुमतही नव्हते. अशा माणसाने मनमोहन सिंगांना अर्थखात्यात आणले, उद्योगखाते स्वतःकडे ठेवले आणि २४ जुलैला, एकाच दिवशी, नवे औद्योगिक धोरण व नवा अर्थसंकल्प सभागृहापुढे ठेवला. भक्कम बहुमतवाल्यांनी टाळलेले काम अल्पमतातल्या सरकारने केले. १९९४ मध्ये काश्मीरवरून जिनिव्हात पाकिस्तानला तोंड द्यायचे होते, तेव्हा त्यांनी भारताच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व विरोधी पक्षनेते वाजपेयींकडे दिले. आज असे काही झाले तर आपण तोंडात बोट घालू. तेव्हा ती आतल्या पानावरची बातमी होती.

आणि याच माणसाच्या डोळ्यांदेखत ६ डिसेंबर १९९२ घडले. दुपारपासून तारा येत होत्या. बाबरी मशिदीचा पहिला घुमट, दुसरा घुमट, तिसरा. केंद्राची सुरक्षा दले जवळच होती आणि पंतप्रधान हलले नाहीत. त्याची किंमत मुंबईने मोजली. डिसेंबर आणि जानेवारीतल्या दंगलींत मिळून ९०० माणसे मेली, हा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा. मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले. रावांच्या हातात बहुमत नव्हते म्हणून हे झाले, असे मला कुणी सांगू नये. ज्याला अर्थसंकल्प रेटता येतो त्याला फौजफाटाही हलवता येतो. तो त्यांच्या स्वभावाचा दोष होता, आणि मी त्यांना त्याबद्दल माफ केलेले नाही.

जुलै १९९३ मध्ये त्यांच्यावरचा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ असा फेटाळला गेला. झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना त्यासाठी पैसे मोजले गेल्याचा आरोप झाला. रावांना विशेष न्यायालयाने २००० मध्ये दोषी ठरवले आणि २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सोडले. त्याहून वाईट झाले ते १९९८ मध्ये: पैसे घेऊन सभागृहात मत देणाऱ्या खासदाराला घटनेचे संरक्षण आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. तो ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने फिरवला. एवढी वर्षे तो निकाल या देशात कायदा म्हणून उभा होता.

मे १९९६ मध्ये वाजपेयींचे तेरा दिवसांचे सरकार आले. ठरावावरची चर्चा दूरदर्शनने थेट दाखवली आणि आमच्या कचेरीत संपादकांपासून शिपायापर्यंत सगळे एका टीव्हीसमोर दाटीवाटीने उभे राहिले. मतदान न घेता वाजपेयी राजीनामा द्यायला निघाले, तेव्हा विरोधकांचेही डोळे भरले. पण कोकणातल्या माणसाला त्या तेरा दिवसांतली आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. बहुमत सिद्ध न झालेल्या त्या सरकारने दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाच्या प्रतिहमीला मंजुरी देऊन टाकली. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याच्या घोषणा ज्या पक्षाच्या नेत्यांनी महाराष्ट्रात दिल्या होत्या, त्याच पक्षाचे ते सरकार होते. भाषण सगळ्यांना आठवते, प्रतिहमी कुणाला आठवत नाही.

देवेगौडा आणि गुजराल यांना काळाने फार जागा दिली नाही. मीही देत नाही.

१७ एप्रिल १९९९ मात्र विसरणे शक्य नाही. वाजपेयींचे पुन्हा आलेले सरकार विश्वासदर्शक ठरावावर एका मताने पडले: २६९ विरुद्ध २७०. गिरिधर गमांग फेब्रुवारीतच ओरिसाचे मुख्यमंत्री झाले होते, पण खासदारकी सोडली नव्हती; सभापती बालयोगींनी मतदानाचा निर्णय त्यांच्या सदसद्विवेकावर सोडला आणि त्यांनी सरकारविरुद्ध मत दिले. सैफुद्दीन सोझ यांनी आपल्या पक्षाचा आदेश मोडला. मायावतीही ऐनवेळी सरकारविरुद्ध गेल्या. पाडणाऱ्यांकडे पर्याय तयार नव्हता. सोनिया गांधींनी २७२ चा आकडा सांगितला आणि मुलायमसिंगांनी पाय मागे घेतला. विरोधी पक्षनेते तेव्हा शरद पवार होते. सरकार पाडण्यात पुढे असलेल्या या नेत्याने महिन्याभरात आपल्याच पक्षाच्या नेतृत्वाविरुद्ध दंड थोपटले. मग हा खटाटोप कशासाठी केला, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. पण आकडा जाहीर झाल्यावर वाजपेयींनी हात जोडले आणि ते राष्ट्रपतींकडे गेले. गमांगांचे मत बाद करा म्हणून आकाशपाताळ एक केले नाही, खासदारांना विमानाने परराज्यातल्या हॉटेलात नेले नाही. त्याच काळजीवाहू सरकारने कारगिलचे युद्ध लढले.

२०१४ पासून पंतप्रधानांना मतांची मोजदाद करावी लागलेली नाही. २०२४ मध्ये भाजप २४० वर आला, सरकार पुन्हा आघाडीचे झाले. कारभाराची रीत तीच राहिली. पत्रकारांचे प्रश्न घेणारी खुली परिषद पंतप्रधानांनी दिल्लीत घेतलेली नाही. मनमोहन सिंगांनी ती ३ जानेवारी २०१४ ला, सरकार पुरते बदनाम झालेले असताना घेतली होती आणि बोचरे प्रश्न ऐकून घेतले होते. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच वगळला गेला. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित झाले आणि त्यांच्या गैरहजेरीत फौजदारी कायदे मंजूर झाले. मनमोहन सिंगांच्या काळात सत्ता पंतप्रधान निवासाबाहेर होती, दोषी लोकप्रतिनिधींना वाचवणारा २०१३ चा वटहुकूम त्यांच्याच पक्षाच्या नेत्याने जाहीरपणे झिडकारला, हे सगळे खरे आहे. तो दुबळेपणा पक्षापुढचा होता, आणि तो वाईटच. सभागृहापुढे नमणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ते पंतप्रधानाच्या कामातच येते.

लोकसभेच्या उपाध्यक्षपदाचेच पाहा. १९९० मध्ये जनता दलाचे सरकार असताना लातूरचे शिवराज पाटील, म्हणजे विरोधी काँग्रेसचे खासदार, त्या पदावर बसले. रावांच्या काळात ते भाजपच्या मल्लिकार्जुनय्यांकडे गेले, वाजपेयींच्या काळात काँग्रेसच्या पी. एम. सईद यांच्याकडे. एवढी पडापड चालू असताना हा शिरस्ता कुणी मोडला नाही. सतराव्या लोकसभेने आपली पाचही वर्षे उपाध्यक्षाशिवाय काढली आणि अठराव्या लोकसभेतही ती खुर्ची रिकामीच ठेवली आहे. मनमोहन सिंगांना श्रद्धांजली वाहणाऱ्या सरकारने ती येत्या अधिवेशनात भरावी, आणि विरोधकांपैकी कुणाला तरी द्यावी.