काल्क बेच्या बंदरावर एक रविवार

केपटाऊनला लेकीकडे गेले तो जुलै महिना. आपल्याकडे पावसाळा, तिकडे ऐन हिवाळा. त्यात तिथला पाऊसही हिवाळ्यातच पडतो! रत्नागिरीहून नेलेली शाल दुसऱ्याच दिवशी कपाटात गेली आणि लेकीचा जाड कोट माझ्या अंगावर आला.

एका रविवारी लख्ख ऊन पडले. जावई म्हणाले, "अम्मी, चला, काल्क बेचे बंदर दाखवतो." विहीणबाई लगेच म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या, मी घरी थांबते." लेकीने मला डोळ्यांनीच खुणावले, काही विचारू नकोस. पण नातवाने दादीचा हात काही सोडला नाही. शेवटी त्या गाडीत बसल्या.

शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर हे गाव. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत रस्ता, रेल्वेचे रूळ आणि घरे दाटीवाटीने बसलेली. काल्क म्हणजे डच भाषेत चुना. पूर्वी इथे शिंपले भाजून चुना काढत, त्यावरून हे नाव पडले.

गाडीचे दार उघडले आणि वाऱ्याने ओढणीच हिसकली. ऊन होते, पण नुसते दिसायला. धक्क्यावर रंगीत होड्या डुलत होत्या, टोकाला लाल-पांढरा दीपस्तंभ, आणि पाण्याकाठी सील मासे आडवे पडलेले. (मासे म्हणतात खरे, पण ते कुत्र्यासारखे भुंकतात.) नातू त्यांच्याकडे धावला, जावई त्याच्यामागे. मी मात्र वासावरूनच हर्णैला पोहोचले. तोच ओल्या दोरांचा, डिझेलचा आणि ताज्या मासळीचा वास. फक्त इथे बोटे बधिर झालेली.

हिवाळा हा तिथे स्नूकचा हंगाम. हाताच्या दोरीने गळ टाकून पकडतात. लांबलचक, चंदेरी मासा, अणकुचीदार दातांचा. विकणारा पाठीतून चिरून तो पुस्तकासारखा उलगडून देतो.

थर्मासमधला चहा आणि लेकीने आणलेले कुकसिस्टर घेऊन आम्ही आडोशाला बसलो. कुकसिस्टर म्हणजे तिकडच्या मुसलमान घरांतला रविवारच्या सकाळचा पदार्थ: मसाल्याची तळलेली गोड वडी, पाकात बुडवून खोबऱ्यात घोळवलेली. विहीणबाईंनी हातात घेतली, पण खाल्ली नाही. डोंगराकडे बघत म्हणाल्या, "आमचे घर त्या गल्लीत होते."

त्यांचे वडील कोकणातले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतले कितीतरी कोकणी मुसलमान पोटासाठी केपटाऊनला गेले. त्यांतल्याच एका बापामागोमाग हे लहानपणी आले. गावी यायचे तर परतीचा परवाना काढावा लागे. मुदतीत परतले नाही तर तिथला हक्क जाई. म्हणून ते पुन्हा गावी गेलेच नाहीत. इथल्याच एका मच्छीमाराच्या मुलीशी निकाह केला आणि छोटे दुकान टाकले.

१९६७ मध्ये वर्णभेदी सरकारने ग्रुप एरियाज कायद्याखाली काल्क बे फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केले. पुढच्या सायमन्स टाऊनचेही तेच झाले. मच्छीमारांनी दाद मागितली, बंदराजवळच्या इमारतींत राहणाऱ्या काहींना तिथे राहता आले. दुकानदाराला कोण विचारतो? विहीणबाई तेव्हा अकरा वर्षांच्या. केप फ्लॅट्सच्या रेताड माळावर नवे घर मिळाले, तिथून समुद्र दिसत नव्हता. वडील आयुष्यभर या वाटेने पुन्हा आले नाहीत. मग लेकही आली नाही.

जुहरची वेळ झाली. चढावरच्या गल्लीत छोटी मशीद आहे. वस्ती गेली तरी ती राहिली. पुरुष नमाजला गेले तेव्हा विहीणबाई माझा हात धरून पुढच्या पायऱ्या चढल्या. एका पांढऱ्या घरासमोर थांबल्या. नवा दरवाजा, नवी कुंडी, खिडकीत मांजर. मी म्हटले, "बेल वाजवू का?" त्यांनी मान हलवली, नको. उंबऱ्याच्या दगडाकडे बोट दाखवले, एका कोपऱ्यात झिजलेला. "अब्बा इथे बसून जाळी विणणाऱ्यांशी बोलायचे." मला काहीच बोलता आले नाही. आपल्या गावच्या बंद घरांची कुलपे मी पाहिली आहेत, पण ती आपल्याच माणसांनी लावलेली असतात.

परतताना त्या थेट मासळीवाल्यापाशी गेल्या. तो स्नूकचे डोके टाकायला निघाला, तशा ओरडल्याच. भाव केला, दोनदा पाठ फिरवली, तिसऱ्यांदा घेतला. पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "म्हावरा."

महिनाभरात त्यांच्या तोंडून ऐकलेला तो पहिला कोकणी शब्द.

रात्री डोक्याचे कालवण मी केले, चिंच घालून. स्नूकला काटे लांब आणि फार. विहीणबाईंनी एकेक काढून नातवाला भरवले आणि मध्येच मुलाला विचारले, पुढच्या रविवारी पाऊस आहे का?