पांझरेचा पाट नकाशावर

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवरच्या दगडी बंधाऱ्यांतून ‘फड’ या सामुदायिक सिंचन पद्धतीने शतकानुशतके पाणी फिरतं. कोणती चारी कुठे वळते, हे पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याला तोंडपाठ, कागदावर क्वचितच.

हे पाट नकाशावर उतरवायला ओपनस्ट्रीटमॅप आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा नकाशा कुणीही भरावा, कुणीही फुकट वापरावा. श्रेय मात्र द्यायचं. पाटाची रेषा पाण्याच्या दिशेनेच ओढायची. उलटी ओढलीत, की पाणी चढावर निघालं! मराठी नावाला स्वतंत्र रकाना आहे.

या नकाशाच्या विश्लेषणासाठी क्यूजीआयएस ही संगणकप्रणाली, तीही मोफत. तिचे धडे आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर विनाशुल्क. विद्यार्थ्याला साधा लॅपटॉप पुरे. बांधावर मात्र पाटकऱ्यालाच सोबत न्यावं.